उरलेले बावन्न सेकंद

रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्याजवळ सिमेंटची बाके आहेत. त्यातल्या डावीकडून तिसऱ्या बाकाच्या पाठीवर कोणाच्या तरी स्मरणार्थ असे लिहिले होते. खाऱ्या वाऱ्याने नाव खाऊन टाकले आणि आता नुसते 'स्मरणार्थ' उरले आहे. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी पाच वाजता मी त्या बाकावर बसतो. दिवाळीपर्यंत आम्ही दोघे बसायचो.

दोन म्हातारी माणसे समुद्राकडे तोंड करून गप्प बसलेली दिसली की लोकांना वाटते, ही आयुष्याचा हिशेब मांडत असतील. आम्ही भांडून दमलेले असायचो. विषय एकच. चाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर झालेली बॉक्सिंगची एक लढत पूर्ण झाली असती, तर कोण जिंकले असते? माझा मित्र त्या लढतीत लढला होता. मी वेळ मोजत होतो.

तेव्हा तो त्या शाळेत हंगामी शिपाई होता आणि मी वाचनालयात हंगामी कारकून. आमच्याकडे आंब्यालाही हंगामी म्हणतात आणि माणसालाही. फरक इतकाच की आंबा पुढच्या वर्षी बहुतेक येतो. नौदलातून निवृत्त होऊन आलेल्या एका गृहस्थांनी शाळेमागच्या शेडमध्ये भाताच्या तुसाने भरलेले पोते टांगले आणि ते पोरांना ठोसे मारायला शिकवू लागले. बहुतेक पोरे चार दिवसांत पळाली. माझा मित्र टिकला. सकाळी शाळेचा टोल द्यायचा, दिवसभर वर्गावर्गांतून नोटिसा फिरवायच्या आणि संध्याकाळी पोते बडवायचे. राज्य स्पर्धेसाठी निवड झाली तर खेळाडू म्हणून पोलिसात घेतील, अशी शक्यता होती. त्याच्या घरात ती शक्यता रोज जेवताना ताटात वाढली जायची.

त्याच्या वजनाचा जिल्ह्यातून एकच जाणार होता. समोर राजापूरकडच्या नाटे गावचा एक मच्छीमार होता; सगळे त्याला 'नाट्याचा' म्हणत. वल्ह्याच्या पात्यासारखे पंजे आणि चेहऱ्यावर अजिबात घाई नाही. पहिली लढत त्याने जिंकली. पाचांपैकी तीन पंच त्याच्या बाजूने, दोन माझ्या मित्राच्या. त्यातले तिसरे पंच हे कुस्तीतले जाणकार होते. बॉक्सिंग कळणारे पाच लोक जिल्ह्यात सापडेनात, म्हणून त्यांना खुर्ची दिली होती. नाट्याचा दमला की समोरच्याला मिठी मारायचा. बॉक्सिंगमध्ये हा दोष धरतात. आमच्या या पंचांनी प्रत्येक मिठी म्हणजे पकड समजून तिला गुण दिले. लढतीनंतर चहा पिताना त्यांनी स्वतःच ते अभिमानाने सांगितले, म्हणून कळले.

गावात गदारोळ झाला. अर्ज गेले, सह्या गोळा झाल्या. वर्तमानपत्राला पत्र मीच लिहिले आणि त्यात 'न्यायाचा खून' हे शब्द घातले, याची मला अजून लाज वाटते. शेवटी समितीने लढत पुन्हा घ्यायचे ठरवले. पंच मात्र तेच ठेवले. ते बदलावेत असे कोणाला सुचलेच नाही, कारण सगळी बैठक प्रमुख पाहुणे कोण असावेत यातच संपली.

पाहुणे मुंबईहून येणारे एक मंत्री ठरले. कमान उभी राहिली, पाहुण्यांच्या नावाचे कापडी फलक लागले. लढणाऱ्या दोघांची नावे निमंत्रणपत्रिकेत शेवटून दुसऱ्या ओळीत होती. त्यांच्याखाली अल्पोपाहाराची सूचना होती. रिंगणाचे दोर मिरकरवाड्यावरून आणलेले, होड्यांचे आणि अजून ओले होते. त्यांना माशांचा वास येत होता आणि पहिल्या रांगेतले मान्यवर शेवटपर्यंत एकमेकांकडे संशयाने बघत होते.

वेळाधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली. वाचनालय वेळेवर उघडणारा माणूस अशी माझी ख्याती होती, शिवाय वडिलांचे सेकंदकाटा असलेले घड्याळ माझ्या मनगटावर होते. घंटेसाठी शाळेचा टोल आणला होता. टोल म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर लांबीचा तुकडा. रत्नागिरीत रेल्वे यायला अजून अवकाश होता, पण तिचा एवढा भाग आधीच येऊन शाळेत लटकत होता. माझ्या मित्रानेच तो खांद्यावरून आणला, माझ्या टेबलाशेजारच्या खांबाला टांगला आणि हातोडी माझ्या हातात दिली.

"मधोमध मार," तो म्हणाला. "कडेला मारलास तर बद्द वाजतो."

पाहुणे चार वाजता येणार होते, ते सव्वासहाला आले. त्यांनी मल्लखांबाचे महत्त्व या विषयावर भाषण केले. त्यांना पुढे राजापूरला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचे होते. भाषण संपल्यावर लढत सुरू झाली. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिली नाट्याची वाटली, दुसरी माझ्या मित्राची. तिसऱ्या फेरीत दोन मिनिटे उलटली तेव्हा नाट्याचा दोराला टेकला होता आणि माझा मित्र त्याला डाव्या हाताने मारत होता. पण माझ्या मित्राचे पायही जमिनीवरून सुटत नव्हते; चिखलात उभा असल्यासारखा तो कमरेतून मारत होता. यापुढे काय झाले असते याबद्दल दोन मते संभवतात. दोन्ही आम्ही चाळीस वर्षे वापरली.

मी घड्याळाकडे बघत होतो. सहज मान वर केली, तर स्टेजवर समितीचे कार्यवाह उभे होते आणि माझ्याकडे बघत हवेत बोट गोल फिरवत होते. आटपा. त्यांच्यामागे पाहुणे खुर्चीतून उठले होते. मी हातोडी उचलली आणि टोल मारला. मधोमध. आवाज उत्तम आला. घड्याळात बावन्न सेकंद शिल्लक होते.

पुढचे फार भराभर झाले. पाहुणे रिंगणातच चढले, कारण मैदानावर सर्वांत उंच जागा तीच होती. दोघांना शाली घातल्या. हातात नारळ दिले. ग्लोव्ह्जमध्ये नारळ धरता येत नाही, त्यामुळे ते दोघांनी छातीशी कवटाळले, तान्ह्या पोरांसारखे. पाहुण्यांनी दोघांचे हात वर केले आणि खेळात कोणी हरत नसतो, दोघेही विजयी आहेत, असे जाहीर केले. टाळ्या झाल्या. मंत्र्यांचा निकाल पंचांनी कसा फिरवायचा? त्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्या खिशातच राहिल्या. महिन्याभराने समितीने वाद नको म्हणून मंडणगडच्या एका तिसऱ्याच तरुणाला राज्य स्पर्धेला पाठवले. तो कोणाशीच लढला नव्हता, त्यामुळे अपराजित होता.

माझ्या मित्राचे भरतीचे वय पुढच्या वर्षी उलटले. शाळेत तो कायम झाला आणि तीसहून अधिक वर्षे त्याने तोच टोल दिला.

आता माझे. कार्यवाह वाचनालयाच्या कार्यकारिणीवरही होते आणि मी अजून कायम झालो नव्हतो. हे कारण मी इतकी वर्षे जवळ बाळगले आहे. ते खोटे नाही, पण त्या क्षणी माझ्या मनात नोकरी आली नव्हती. काहीच आले नव्हते. कोणी हात करून खूण केली की माझा हात उठतो, एवढेच. फेरी तीन मिनिटांची झाली नाही हे पंचांना कळले नाही, रेफरीला कळले नाही. मार खाणाऱ्या आणि मारणाऱ्या माणसाला वेळ कुठला कळायला. मी कोणाला सांगितले नाही. एक आठवडा न सांगता गेला की महिना जाणे सोपे असते, आणि पुढे वर्षे आपली आपण जातात.

माझ्या मित्राचे वाक्य ठरलेले होते. "एक मिनिट मिळायला हवं होतं रे. अर्धं मिळालं असतं तरी चाललं असतं. वेळच संपली." हे तो तक्रारीने म्हणत नसे. पाऊस आला नाही म्हणावे तसे म्हणायचा. वेळेवर त्याचा राग नव्हता. वेळ ही सरळ गोष्ट आहे, असे टोल देणाऱ्या माणसाला वाटणारच.

आणि मी, न्यायाचा खून लिहिणारा, त्या दिवसापासून पलटलो. मी कायम नाट्याची बाजू घेऊ लागलो.

"मिनिट मिळालं असतं तर तू पडला असतास," मी म्हणायचो. "पाय बघायला हवे होतेस स्वतःचे."

"पायाने मारतात काय, मेल्या?"

"त्याने नुसतं बाजूला व्हायचा अवकाश होता. तू तोंडावर आपटला असतास."

"व्हायला जागा होती कुठे? मागे दोर होता!"

"दोर होडीचा होता. तो होडीतलाच माणूस."

असे रोज. लोकांना गंमत वाटायची. धक्क्यावरचा भेळवाला नव्या गिऱ्हाइकांना आमची ओळख करून द्यायचा. मी इतक्या जोरात का भांडतो हे कोणी विचारले नाही. उत्तर सोपे होते. तो हरणारच असेल, तर बावन्न सेकंदांनी कोणाचे काही बिघडले नव्हते.

बायको गेल्यानंतर या भांडणाखेरीज माझ्याकडे बोलायला फारसे काही उरले नाही. मुलगी पुण्याला असते. रविवारी फोन करते. मी इथले हवामान सांगतो, ती तिथले सांगते. दोन वेधशाळा एकमेकींना अहवाल देतात तसे. वाचनालयात आता मी गेलो की नवी मुले उठून उभी राहतात आणि मी जायची वाट बघतात. घरी पुस्तके आहेत, पण पुस्तक उलटून बोलत नाही. पाच वाजता मात्र एक माणूस माझ्यावर ओरडण्यासाठी चालत यायचा. माझ्यासारख्याला तेवढे पुष्कळ होते.

गणपतीनंतर त्याने सांगितले की मुलगा पनवेलला न्यायला येणार आहे. गुडघे गेले होते आणि इथे जिना चढवत नव्हता. तिकडे लिफ्ट होती. दिवाळी इथे करायची आणि जायचे.

"कायमचा?" मी विचारले.

"नाय, हंगामी," तो म्हणाला.

मग थोडा वेळ त्याने वाळूतल्या उंटाकडे बघितले. पर्यटकांसाठी कोणीतरी उंट आणला होता; कोकणात तो माझ्याइतकाच कंटाळलेला दिसत होता.

"जायच्या आधी नाट्याला जाऊ या," तो म्हणाला. "त्यालाच विचारू. तू त्याचा वकील, मी माझा. निकाल लावून टाकू."

मी म्हणालो, बस लांबची आहे, गुडघे दुखतील. तो मेलाही असेल, असेही म्हणालो. मला नको होते. पण मित्राने हात धरून उठवले आणि मी उठलो.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. पावस, पूर्णगडावरून एसटी जाते. तो खिडकीशी बसला होता आणि स्वारीवर निघाल्यासारखा खुशीत होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. नाट्यात उतरून विचारल्यावर पहिल्याच दुकानदाराने घर दाखवले. चिऱ्यांचे घर, पुढे सारवलेल्या अंगणाचे खळे. खळ्यात माणूसभर उंचीचा निळ्या जाळ्याचा ढीग पडला होता आणि त्याच्याशेजारी स्टुलावर बसून एक म्हातारा फाटलेला भाग विणत होता. पंजे तेच होते.

"कोण?" त्याने मान वर न करता विचारले.

"तुझ्या बरगडीला विचार कोण ते," माझा मित्र म्हणाला.

म्हाताऱ्याने हातातली सुई खाली ठेवली. डोळ्यांवर हात धरून बघितले. "अरे मेल्या! तू आहेस अजून?"

"तुला हरवल्याशिवाय कसा जाऊ?"

"मग आणखी शंभर वर्षं बस." त्याने आतल्या दिशेने हाक मारली, "गो, सरबत आण. रत्नागिरीहून मार खायला माणूस आलाय."

कोकमाचे सरबत आले. दोघांनी एकमेकांचे गुडघे, डोळे आणि दात तपासले. मी कोण, हे कोणी विचारले नाही. सोबत आलेला माणूस म्हणून मी ओट्याच्या कडेला बसलो होतो. मग माझ्या मित्राने पेला खाली ठेवला.

"खरं सांगायचं हां. आता आपल्याला काय मिळवायचंय? मला अजून थोडा वेळ मिळाला असता तर तू पडला असतास की नाय?"

"तू मला विचारू नकोस," म्हातारा म्हणाला. "मी जिंकलो असं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. नातवंडांपर्यंत पोचलंय. आता निकाल बदललास तर मला या वयात घर सोडावं लागेल."

"मी पण तेच सांगितलंय माझ्या गावात."

"मग झालं तर. दोघेही विजयी!" म्हाताऱ्याने दोन्ही हात वर करून पाहुण्यांची नक्कल केली आणि दोघे खोकला येईपर्यंत हसले.

"पण खरं सांग," माझा मित्र पुन्हा म्हणाला. आता तो हसत नव्हता. "वेळ मिळाला असता तर?"

म्हाताऱ्याने सुई पुन्हा उचलली. "वेळ होताच की," तो म्हणाला.

"कसला?"

"मी मोजत होतो ना. जाळं तळाला खडकात अडकलं की बुडी मारून सोडवावं लागतं. तेव्हा मोजावं लागतं, नायतर वर येत नाय माणूस. बापाने शिकवलेलं. मार खाताना पण मी मोजायचो. मोजलं की कमी लागतं." त्याने एक गाठ मारून दातांनी दोरा तोडला. "पहिली फेरी एकशे ऐंशी. दुसरी एकशे ऐंशी. तिसरीत मी एकशे तीसवर होतो आणि टोल पडला. दोन इकडेतिकडे असतील. मी म्हटलं देव पावला. एक डोळा बंद झालेला माझा."



"मग पडला असतास तू," माझा मित्र हळूच म्हणाला.

"मी? छ्या! मी म्हणत होतो, पन्नासच राहिलेत, मिठी मारून काढीन. तो कुस्तीवाला बसलेलाच होता गुण द्यायला." म्हातारा पुन्हा हसला, पण एकटाच. मग त्याने सहज, भाव विचारावा तसे विचारले, "टोल कोणाकडे होता रे तेव्हा?"

खळ्यावर एक कोंबडी जाळ्यात पाय अडकवून घेत होती. मी तिच्याकडे बघत होतो. मी गप्प राहिलो असतो तरी चालले असते. माझा मित्रच सांगेल, अशी मी वाट बघितली. त्याने सांगितले नाही.

"माझ्याकडे," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितले. मग माझ्या मित्राकडे वळून तो म्हणाला, "मग ह्याला विचारायचं. एवढ्या लांब माझ्याकडे कशाला आलास?"

परतीच्या बसमध्ये माझा मित्र खिडकीतून बाहेर बघत होता. पूर्णगडच्या पुलावर बस आली तेव्हा त्याने तोंड न वळवता विचारले, "पन्नास?"

"बावन्न," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी निदान आकडा तरी बरोबर द्यावा, असे वाटले.

"कोणी सांगितलं?"

"कार्यवाहांनी बोट फिरवलं."

पावसला बस थांबली तेव्हा त्याने खिडकीची काच सरकवली. मग म्हणाला, "एकदा आमच्या शाळेत साहेब आले होते. त्यांना हॉल हवा होता सभेला. म्हणाले, शाळा सोड, टोल दे. मी म्हटलं, अजून सात मिनिटं आहेत, साहेब." एवढेच बोलून तो पुन्हा बाहेर बघू लागला. स्टँडवर उतरल्यावर त्याने रिक्षा केली. माझे घर त्याच्या वाटेवर आहे, पण रिक्षा एकट्याची केली.

चार दिवस तो बाकावर आला नाही. भेळवाल्याने विचारले, तब्येत बरी आहे ना? मी म्हणालो, बरी आहे. फोन करावा असे रोज वाटले आणि रोज केला नाही. माफी मागायची तर नेमकी कशाची, हे मी वाक्यांत मांडून बघत होतो. टोल मारल्याची मागता आली असती. चाळीस वर्षे त्याला तू हरलाच असतास असे सांगत राहिलो, त्याची कशी मागणार?

पाचव्या दिवशी तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा न्यायला येणार होता. तो बाकावर बसला, गुडघे चोळले आणि म्हणाला, "घड्याळ आहे?"

वडिलांचेच घड्याळ होते, पट्टा बदललेला.

"बावन्न सेकंद लाव. किती असतात ते मला बघू दे."

मी सेकंदकाटा बारावर यायची वाट बघितली आणि "चल" म्हणालो. त्याने दोन्ही मुठी मांडीवर ठेवल्या आणि समुद्राकडे बघू लागला. डावी मूठ घट्ट होती. दहा झाले. एक होडी मिरकरवाड्याकडे वळत होती. ती वळून पुरी होईना. वीस. मला वाटले होते बावन्न सेकंद म्हणजे चिमूटभर गोष्ट असेल. ते संपतच नव्हते. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. पंचविसाला त्याचा डावा खांदा थोडा पुढे आला.

"काका, प्लीज, आमचा एक फोटो काढाल?"

समोर एक कुटुंब उभे होते. बाई मोबाइल पुढे धरून हसत होती. मी उठलो. मोबाइल घेतला. मागे सूर्य येतोय म्हणून त्यांना थोडे सरकायला सांगितले. त्यांना एक आडवाही हवा होता, आणि एक उंटासकट. मी तिन्ही काढले. आभार मानून ते गेले, तेव्हा मला कळले मी काय केले ते.

वळून बघितले तर माझा मित्र हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"किती झाले?" त्याने विचारले.

"माहीत नाही."

"तू असाच," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. पाऊस आला नाही म्हणावे तसे म्हणाला. मग त्याने मूठ उघडून तळहात पॅंटला पुसला आणि काठी घेऊन उठला.

त्याला जाऊन आता दोन महिने झाले. पहिले काही फोन लिफ्टबद्दल होते. मग पाण्याच्या वेळांबद्दल. मी वाट बघत होतो की तो विषय काढेल. नाही काढला, तेव्हा मागच्या रविवारी, मुलीचा फोन झाल्यावर, मीच काढला.

"मग, काय ठरवलंस?" मी म्हणालो. "बावन्न सेकंद मिळाले असते तर?"

"तूच बरोबर होतास," तो म्हणाला.

मला वाटले नीट ऐकू आले नाही. "काय?"

"पडलो असतो मी. पाय संपले होते रे माझे. तू सांगतच होतास."

"कशावरून पडला असतास?" मी म्हणालो. "डावा हात चालत होता तुझा. मी बघत होतो."

"तू घड्याळ बघत होतास."

"त्याचा एक डोळा बंद होता. त्याने स्वतः सांगितलं."

"मिठी मारली असती त्याने."

"मिठी मारायला आधी पुढे यावं लागतं! आणि रेफरी कशाला होता? सोडवली असती की. तेवढ्यात तुझा एक जरी बसला असता…"

"नाय रे," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता, मागे टीव्ही चालू होता. "मान्य केलं मी. मिटलं आता. चल, सून जेवायला बोलवत्ये."

फोन बंद झाला तेव्हा माझ्याकडे अजून तीन मुद्दे शिल्लक होते. त्यातला दोराचा मुद्दा फार चांगला होता. होडीचा दोर ओला झाला की ताठ होतो, मागे झुकू देत नाही; नाट्याचा त्यावर रेलून निसटूच शकला नसता. चाळीस वर्षांत हा मुद्दा त्याला सुचला नव्हता. मलाही सुचला नव्हता, कारण मी शोधला नव्हता. त्याने मला सोडून दिले, की कायमचे धरून ठेवले, हे मला अजून ठरवता येत नाही. तो जिंकला असता असे आता मला खात्रीने वाटते आणि ते ऐकून घ्यायला तो तयार नाही.

पाच वाजता मी जातो. बाकाच्या माझ्या बाजूलाच बसतो, मध्ये बसत नाही. भेळवाला आता काही विचारत नाही. काल एक गृहस्थ आले, बहुधा पर्यटक. धक्क्यावर गर्दी होती, बाकीची बाके भरलेली. त्यांनी माझ्या शेजारच्या जागेकडे बोट केले आणि भुवया उंचावून विचारले, इथे कोणी बसतंय का?

माझे अंग सवयीने सरकू लागले होते. मी ते थांबवले.

"हो," मी म्हणालो. "बसतंय."

ते जरा वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले आणि मग पुढे गेले.